दौऱ्यावरचे मागचे आवाज : रॉक बँडच्या सहगायिकांची पार्श्वभूमी

रॉक बँडच्या मैफलीत मुख्य गायकामागे, जरा बाजूला उभ्या राहून गाणाऱ्या दोन-तीन गायिका आता प्रेक्षकांच्या सवयीच्या झाल्या आहेत. मात्र हा व्यवसाय रॉक संगीतात जन्मलेला नाही. त्याचे मूळ अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये आहे. मुख्य गायकाने ओळ म्हणायची आणि जमलेल्यांनी तिला सुरात उत्तर द्यायचे, ही तिथली रीत. आपल्याकडे शाहिरामागे झीलकरी जे करतात, ते तिथे अख्खा समुदाय करीत असे. अमेरिकी गायक रे चार्ल्स यांनी पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस ‘रेलेट्स’ हा गायिकांचा चमू सोबत घेऊन ही रीत चर्चबाहेरच्या रंगमंचावर आणली आणि आयक व टीना टर्नर यांच्या कार्यक्रमातील ‘आयकेट्स’नी तिला नृत्याची जोड दिली. पुढे रॉक बँडांना साथ करणाऱ्या अनेक गायिका याच दोन चमूंत घडल्या: मेरी क्लेटन रेलेट्समध्ये, तर क्लॉडिया लेनियर आणि व्हेनेटा फील्ड्स आयकेट्समध्ये.

या कामात नाव मिळत नाही, हे आरंभापासूनच दिसत होते. डार्लिन लव्ह यांनी गायलेले ‘ही इज अ रिबेल’ हे गाणे १९६२ मध्ये ‘क्रिस्टल्स’ या दुसऱ्याच गटाच्या नावावर प्रसिद्ध झाले आणि अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोहोचले.

अमेरिकी ब्लूज आणि सोल ऐकत वाढलेल्या ब्रिटिश बँडांना साठीच्या दशकाअखेर नेमका हाच आवाज हवा होता. १९६९ मध्ये रोलिंग स्टोन्सनी ‘गिमी शेल्टर’साठी मेरी क्लेटन यांना लॉस एंजेलिसमध्ये रात्री उशिरा बोलावून घेतले. त्या गरोदर होत्या, झोपायच्या तयारीत होत्या. तरीही त्यांनी तार सप्तकात असा काही सूर लावला की वरच्या स्वरावर आवाज फाटलेला ध्वनिमुद्रणात स्पष्ट ऐकू येतो. माझ्या मते त्या गाण्याची सारी धग त्या फाटलेल्या स्वरातच आहे.

स्टुडिओतील काम एका रात्रीत संपते, दौऱ्यावर मात्र तेच गाणे रोज नव्याने उभे करावे लागते. पिंक फ्लॉइडचे ‘द ग्रेट गिग इन द स्काय’ हे त्याचे उत्तम उदाहरण आहे. क्लेअर टोरी यांनी जानेवारी १९७३ मध्ये लंडनच्या ॲबे रोड स्टुडिओत अवघ्या ३० पौंड मानधनावर शब्दांविना केलेला तो आलाप जवळजवळ उत्स्फूर्त होता. बँडच्या १९८७ ते १९८९ आणि १९९४ च्या दौऱ्यांत तोच आलाप तीन गायिकांमध्ये वाटून दिला जाई आणि या दोन्ही वेळच्या त्रयींमध्ये दुर्गा मॅकब्रूम होत्या. दुसऱ्या गायिकेची उत्स्फूर्तता आत्मसात करून ती रोज रात्री तितक्याच उत्कटतेने मांडणे, ही या व्यवसायातील सर्वांत अवघड आणि सर्वांत कमी दखल घेतली गेलेली विद्या होय. या आलापाच्या श्रेयासाठी टोरी यांनी २००४ मध्ये दावा लावला, २००५ मध्ये तडजोड झाली आणि त्यानंतर सहसंगीतकार म्हणून बँडचे कीबोर्डवादक रिचर्ड राइट यांच्या नावाशेजारी त्यांचे नाव आले.

प्रवासाचे धोके सर्वांना सारखेच होते. २० ऑक्टोबर १९७७ रोजी मिसिसिपीत लिनर्ड स्किनर्ड या अमेरिकी रॉक बँडचे विमान इंधन संपून कोसळले, तेव्हा मुख्य गायक रॉनी व्हॅन झँट यांच्याबरोबर सहगायिका कॅसी गेन्सही मृत्युमुखी पडल्या. त्यांच्याच शिफारशीमुळे बँडमध्ये आलेले त्यांचे भाऊ, गिटारवादक स्टीव्ह गेन्स यांचाही त्या अपघातात अंत झाला.

दौऱ्यांवर दीर्घकाळ टिकलेल्या कारकिर्दींमध्ये लिसा फिशर यांचे नाव अग्रभागी येते. गायक ल्यूथर व्हँड्रॉस हे स्वतः एके काळी डेव्हिड बोवी यांच्या मागे गात असत. व्हँड्रॉस यांच्या साथीला गाऊन फिशर पुढे आल्या आणि १९८९ पासून २०१५ पर्यंत रोलिंग स्टोन्सबरोबर फिरल्या. एप्रिल २००३ मध्ये स्टोन्स मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियमवर आले, त्या दौऱ्यातही त्या होत्या. १९९२ मध्ये एकल गायनासाठी ग्रॅमी मिळाल्यानंतरही त्यांनी साथीचे गाणे सोडले नाही. तो निर्णय मला माघारीचा वाटत नाही, कारण सुरात सूर मिसळणे हीदेखील स्वतंत्र कला आहे.

सर्वांच्या वाट्याला असे स्थैर्य आले नाही. लेनियर शिक्षिका झाल्या. डार्लिन लव्ह यांना ऐंशीच्या दशकात काही काळ लोकांच्या घरी साफसफाई करावी लागली आणि रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्यांचा समावेश व्हायला २०११ साल उजाडले. अमेरिकेत १९९५ च्या कायद्याने डिजिटल प्रसारणाच्या मानधनातील अडीच टक्के वाटा सहगायकांसाठी राखून ठेवला. तो केवळ ध्वनिमुद्रणापुरता आहे. रंगमंचावरच्या गाण्याचा मोबदला आजही दौऱ्यापुरत्या करारावर ठरतो आणि दौरा संपला की थांबतो.