ली नदीचे खालचे खोरे : नागरी पुनरुज्जीवन

पूर्व लंडनमधून जाणाऱ्या ली नदीच्या अखेरच्या टप्प्यातील सखल औद्योगिक पट्टा आणि २००५ नंतर झालेली त्याची पुनर्रचना. ल्यूटनजवळ लीग्रेव्ह येथे उगम पावून सुमारे ६८ किमी. वाहणारी ही नदी बो क्रीक या नागमोडी खाडीतून थेम्सला मिळते. हॅकनी, टॉवर हॅम्लेट्स, न्यूअम आणि वॉल्थम फॉरेस्ट या चार बरोंच्या (लंडनमधील स्थानिक प्रशासकीय विभागांच्या) सीमा या पट्ट्यात भिडतात. तो सर्वांच्याच कडेला पडला, हे त्याच्या दुरवस्थेचे एक कारण मानले जाते.

नदीच्या नावाचे इंग्रजी स्पेलिंग दोन प्रकारे होते. नैसर्गिक प्रवाहाला एक आणि कायद्याने बांधून काढलेल्या नौकानयन कालव्याला दुसरे, असा संकेत आहे. तो काटेकोरपणे पाळला जातोच असे नाही. देवनागरीत हा प्रश्न उरत नाही. नावाचे मूळ ‘तेजस्वी’ या अर्थाच्या केल्टिक धातूत असावे किंवा लुगुस या देवतेशी निगडित असावे, असे दोन तर्क आहेत.

स्ट्रॅटफर्डभोवती नदीला फुटलेले अनेक फाटे ‘बो बॅक रिव्हर्स’ म्हणून ओळखले जातात. त्यांच्या उत्पत्तीबद्दल मतभेद आहेत. अँग्लो-सॅक्सन इतिवृत्तात ८९५ च्या सुमारास आल्फ्रेड राजाने डेन लोकांची गलबते अडवण्यासाठी लीच्या दोन्ही काठांवर गढ्या बांधल्याची नोंद आहे. त्याने नदीच फोडून पाणी उतरवले, ही भर मात्र नंतरच्या लेखनातली. दलदलीचा निचरा आणि पाणचक्क्या यांसाठी हे फाटे मध्ययुगात टप्प्याटप्प्याने खोदले गेले असावेत, हे मत अधिक ग्राह्य वाटते. ११३५ मध्ये स्थापन झालेल्या स्ट्रॅटफर्ड लँगथॉर्न मठाच्या ताब्यात येथील बऱ्याच गिरण्या होत्या. थ्री मिल्स येथील हाउस मिल (१७७६) भरतीचे पाणी कोंडून, ओहोटी लागली की चार चाकांवर सोडत असे. ती १९४१ पर्यंत चालू होती.

एकोणिसाव्या शतकात हाडे उकळणे, साबण, रसायने, डांबर असे धंदे नदीच्या पूर्वेला जमले. १८४४ च्या इमारत कायद्याने दुर्गंधी धंद्यांना राजधानीत मज्जाव केला आणि कायद्याची हद्द लीपाशी संपत होती, हे त्याचे नेहमीचे स्पष्टीकरण. स्वस्त जमीन, जलमार्ग आणि रेल्वे यांचा वाटा त्याहून मोठा असावा. १८६६ च्या कॉलऱ्यात ईस्ट एंडमध्ये पाच हजारांवर माणसे दगावली. ओल्ड फर्डच्या उघड्या तळ्यांतील लीचे दूषित पाणी नळांत आले होते. दुसऱ्या महायुद्धातील बाँबफेकीचा राडारोडा याच दलदलीत टाकला गेल्याने काही भागांत जमीन कित्येक फूट वर आली.

६ जुलै २००५ रोजी २०१२ च्या ऑलिंपिकचे यजमानपद लंडनला मिळाले आणि सुमारे २५० हेक्टर जागा सक्तीने संपादित झाली. सुमारे २०० व्यवसाय, क्लेज लेन ही सहकारी वसाहत, भटक्या समाजाचे तळ आणि मॅनर गार्डन येथील भाजीचे वाफे उठले. ५२ विद्युत मनोरे काढून तारा भूमिगत बोगद्यांत नेल्या गेल्या.

खरे काम मातीचे होते. डांबर, तेले, शिसे, आर्सेनिक, ॲस्बेस्टॉस हे सारे एकाच भरावात मिसळलेले. वीस लाख टनांच्या आसपास माती स्वच्छ केली गेली आणि बहुतेक तेथेच वापरली गेली. उकरलेल्या मातीचे नमुने तपासून वेगवेगळे ढीग लावायचे, मग चाळून पाण्याच्या माऱ्याखाली घुसळायचे, असा क्रम असे. धुण्याने विष विरघळून जाते हा समज बरोबर नाही. प्रदूषके मुख्यतः ०.०६३ मिमी.हून बारीक कणांना चिकटतात, कारण वजनाच्या मानाने त्यांचा पृष्ठभाग फार मोठा असतो. ते कण वेगळे काढले की वाळू आणि खडी बऱ्यापैकी स्वच्छ मिळते; उरलेला गाळ पिळून त्याच्या वड्या कचराभूमीकडे जातात. म्हणूनच चिकणमातीचे प्रमाण ३०–३५ टक्क्यांवर गेले की पद्धत परवडत नाही, कारण बहुतेक मालाचा गाळच होतो. तेलकट मातीचे लांबट ढीग लावून जिवाणूंना हवा आणि पोषके मिळावीत म्हणून ते उलथावे लागतात. थंडीत ही क्रिया मंदावते. ॲस्बेस्टॉसवर दोन्ही उपाय चालत नाहीत, तो वेचावाच लागतो. शेवटी वर साधारण ६०० मिमी. स्वच्छ मातीचा थर आणि त्याखाली खूणपट्टी अंथरली जाते. पुढे कोणी खणले तर पट्टी दिसताच थांबावे, हा हेतू.

जपानी नॉटवीड ही वनस्पती सुमारे चार हेक्टरांवर पसरली होती. तिच्या मुळाचा एक ग्रॅमहून लहान तुकडाही पुन्हा फुटतो. त्यामुळे एका यंत्राच्या चाकांना चिकटलेली माती साफ केलेला भाग पुन्हा नासवू शकते.

पाण्याच्या बाबतीत निष्कर्ष इतके समाधानकारक नाहीत. २००९ मध्ये थ्री मिल्स येथे नवा जलपाश (दरवाजांनी पाण्याची पातळी राखून नौका पुढे नेणारे बांधकाम) उघडला. ३५० टनांच्या बार्जेसनी (मालवाहू नौकांनी) बांधकामसाहित्य आणावे, ही कल्पना. वाहतूक अपेक्षेच्या मानाने फार थोडी झाली. भरती अडल्याने वरच्या फाट्यांतील पाण्याची पातळी मात्र स्थिर झाली. त्यातून काठ देखणे झाले, पण संथ पाण्यात गाळ बसतो आणि उन्हाळ्यात प्राणवायू घटतो. शिवाय उन्हाळी प्रवाहाचा मोठा भाग डीपहॅम्स केंद्रातून सोडलेले प्रक्रिया केलेले सांडपाणीच असते. ॲबी मिल्स येथील मैलापाणी उपसा केंद्रातून पावसात नदीत जाणारे मैलापाणी २०१६ मध्ये पूर्ण झालेल्या ६.९ किमी. लांबीच्या ली बोगद्याने बेक्टनच्या सांडपाणी प्रक्रिया केंद्राकडे वळवले. हे काम ऑलिंपिक खर्चाचा भाग नव्हते.

उत्तर भागात राडारोड्याचे उभे काठ छाटून उतरते केले आणि तीन लाखांवर पाणवनस्पती लावल्या. त्या आधी काथ्याच्या चटयांवर वाढवल्या होत्या. अशी चटई पाण्याच्या पातळीखाली फार खोल बसली तर रोपे कुजतात, उंच बसली तर वाळतात, आणि मुळे धरण्याआधी बदके-हंस कोंब खुडतात.

ऑलिंपिक खेळाडूंच्या क्रीडाग्रामाचे रूपांतर ईस्ट व्हिलेज या २,८१८ घरांच्या वस्तीत झाले. त्यांपैकी जवळपास निम्मी ‘परवडणारी’ म्हणून नोंदली आहेत. ही संज्ञा जपून वापरावी: २०११ नंतरच्या व्याख्येनुसार बाजारभावाच्या ८० टक्क्यांपर्यंतचे भाडेही तीत बसते. यजमान बरोंतील रहिवाशांचे जीवनमान २० वर्षांत उर्वरित लंडनच्या सरासरीला आणण्याचे ध्येय २००९ च्या आराखड्यात मांडले होते. काही निर्देशांक सुधारले. मात्र ते जुन्या रहिवाशांची स्थिती सुधारल्याने की अधिक कमावते लोक राहायला आल्याने, यावर अभ्यासकांत एकमत नाही. बरोंच्या सरासरीवरून हा फरक ओळखता येत नाही, हा आक्षेप रास्त आहे.

२०१२ मध्ये स्थापन झालेल्या लंडन लेगसी विकास महामंडळाकडील नगररचनेचे अधिकार १ डिसेंबर २०२४ रोजी चारही बरोंकडे परत गेले.