तळ्यातली बुगाटी आणि ‘विंटेज’चा घोळ

ठाण्याच्या मासुंदा तलावातला गाळ काढायचं नाव निघालं, की तलावपाळीच्या कठड्यावर एक विषय ठरलेला: खाली काय काय सापडेल? निर्माल्य, मूर्तींचे अवशेष, नाणी, इथवर एकमत. मग कुणीतरी मोबाइलवर तो फोटो दाखवतो. क्रेनला लटकलेली, गंजून जाळी झालेली मोटार, अंगावरून पाणी निथळतंय. फोटो स्वित्झर्लंडमधला, माज्जोरे सरोवराच्या काठच्या आस्कोना गावचा, १२ जुलै २००९ चा. गाडी १९२५ ची बुगाटी, टाइप २२ ब्रेशिया. १९२१ साली इटलीतल्या ब्रेशियाच्या शर्यतीत बुगाटीच्या गाड्यांनी पहिले चारही क्रमांक घेतले, त्यावरून हे नाव पडलं.

गाडी पाण्यात कशी गेली याच्या दोन कथा आहेत. एकीत ती पॅरिसमध्ये १९३४ साली पोकरच्या डावात हरली गेली आणि जिंकणारा ती घेऊन स्वित्झर्लंडकडे निघाला. दुसरीत ती आस्कोनात राहायला आलेल्या एका वास्तुविशारदाची होती. पहिली कथा चटकदार, म्हणून तीच जास्त फिरते. पण दोन्हींत एक पात्र सारखंच आहे, ते म्हणजे सीमाशुल्क. ते भरलेलं नव्हतं, आणि भरायची रक्कम जुन्या गाडीच्या किमतीहून जास्त होत होती. अधिकाऱ्यांनी गाडी निकालात काढायचं ठरवलं आणि १९३६ च्या सुमारास ती सरोवरात सोडली. सोडली, पण साखळी बांधून. म्हणजे पुढेमागे वाद मिटलाच तर ओढून काढता येईल. आनंदनगरच्या जकात नाक्यावर ट्रकांच्या रांगा पाहिलेल्या ठाणेकराला या साखळीमागचं डोकं ओळखीचं वाटेल. वाद मिटण्याआधी साखळी गंजली. गाडी पन्नासहून अधिक मीटर खाली जाऊन बसली.

१९६७ साली ती एका पाणबुड्याला सापडली. पुढची चाळीस वर्षं तिथल्या हौशी पाणबुड्यांची ती भेट द्यायची जागा होती, कुणी हलवली नाही. २००८ मध्ये जवळच्या लोकार्नो गावात कार्निव्हलच्या वेळी झालेल्या मारहाणीत एक तरुण गेला. त्याच्या नावाने तरुणांमधल्या हिंसेविरुद्ध काम उभं राहिलं, त्याला पैसे हवे होते, आणि पाणबुड्यांच्या क्लबने गाडी वर काढायची ठरवली. जानेवारी २०१० मध्ये पॅरिसच्या लिलावात अंदाज होता ७० ते ९० हजार युरोंचा. गेली २,६०,५०० युरोंना.

इतकी तरी उरली कशी? खोल, थंड, गोडं पाणी. चिखलात रुतलेल्या बाजूला प्राणवायू पोचला नाही, ती बाजू बरीच टिकली. उघडी बाजू झिजली. आपल्या तलावांत हे व्हायचं नाही. ते उथळ आहेत, पाणी कोमट. आणि खाडीत पडलेल्या लोखंडाचं तर विचारूच नका, मीठ आतवर मुरतं आणि वर काढल्यावरही गंज चालूच राहतो. उचलण्यातला धोकाही लोकांना उलटा वाटतो. पाण्याखाली वजन थोडं कमीच भरतं. आधी गाळाची पकड सोडवावी लागते, आणि गाडी पाण्याबाहेर आली की आतल्या पाण्याचा आणि चिखलाचा सगळा भार एकदम पट्ट्यांवर येतो. सांगाडा मोडतो तो तिथे.

आता तो शब्द. ‘विंटेज’ मूळचा द्राक्षाच्या मद्याचा, अमुक सालच्या पिकाचं. मोटारींना तो इंग्लंडमधल्या हौशी मंडळींनी लावला आणि रेघ आखली: १९१९ ते १९३०. रेघ सरकत नाही. १९३१ ची गाडी कितीही म्हातारी झाली तरी त्यांच्या लेखी विंटेज नाही. आपल्याकडच्या बऱ्याच रॅल्यांत १९४० च्या आधीची ती विंटेज, नंतरची क्लासिक, अशी ढोबळ वाटणी चालते. सरकारने जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल करून तिसरीच व्याख्या आणली: पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली, व्यवसायासाठी न वापरलेली दुचाकी किंवा चारचाकी. ही रेघ दरवर्षी पुढे सरकते. त्यामुळे कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली, १९७४ साली एखाद्याच्या आजोबांनी घेतलेली पद्मिनी आज कागदावर विंटेज ठरू शकते. रॅलीवाल्यांना सांगून पाहा, हसतील. तिच्या काळ्यापिवळ्या बहिणींना मात्र मुंबईत वीस वर्षांची मर्यादा होती, शेवटची २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये थांबली.

सरकारी नियमात विंटेज म्हणून नव्या नोंदणीला २० हजार रुपये, नूतनीकरणाला ५ हजार, मुदत दहा वर्षं. पाटीवर राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ येतं. आधीच नोंद असलेल्या गाडीला जुना क्रमांक ठेवता येतो, म्हणजे ‘एमएच ०४’चा अभिमान शाबूत. रोज वापरायची नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन आणि दुरुस्ती, एवढ्यापुरतीच रस्त्यावर.

खरी मेख पुढच्या अटीत आहे. गाडी मूळ रूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात बदल धरून मोठी उलथापालथ झालेली चालत नाही. उद्या ठाण्याच्या एखाद्या तळ्यातून खरंच अशी गाडी निघाली तर? जशीच्या तशी ठेवली तर ती चालणार नाही. चालती केली तर निम्मी नवी. दुरुस्ती कुठे संपते आणि उलथापालथ कुठे सुरू होते, हे नियमात मोजून दिलेलं नाही. मला ही अट मुळात पटते, नाहीतर जुन्या क्रमांकाच्या पाटीभोवती नवी गाडी बांधणारे कमी नाहीत. पण बुडालेल्या गाडीचा विचार ती लिहिताना कुणी केलेला दिसत नाही.

बुगाटीपुरता प्रश्न खरेदीदाराने सोडवला. लिलावाच्या वेळी जेमतेम २० टक्के भाग वापरण्याजोगे आहेत असं सांगितलं गेलं होतं. कॅलिफोर्नियातल्या त्याच्या संग्रहालयात इतर गाड्या आरशासारख्या चकचकीत. ही मात्र पाण्यातून निघाली तशीच, तांबेरलेली, मंद उजेडात मांडलेली. तो खरेदीदार २०२३ मध्ये वारला, आणि २०२४ च्या फेब्रुवारीत संग्रहालयही बंद झालं.