ट्रेलरच्या गाडीला टर्बो बदलायचाय? जुना भंगारात देऊ नका

"भाऊ, रिकामी गाडी वाऱ्यासारखी पळते, पण कुरईच्या घाटात भरलेला ट्रेलर मागे असला की जीव सोडते. मोठा टर्बो टाकून द्या." नागपूरजवळच्या वाडीतल्या आमच्या वर्कशॉपमध्ये हे दिवसाआड ऐकू येतं. प्रत्येकाला तेच सांगून घसा बसला, म्हणून हा कागद छापून घेतला.

टर्बो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो, आणि त्याचा फॅन इंजिनाच्या धुरावर फिरतो. हाउसिंग, म्हणजे फॅनभोवतीचं कवच, जितकं मोठं, तितका तो फिरवायला धूर जास्त लागतो, म्हणजे आधी इंजिन रेस करावं लागतं. घोड्याला, म्हणजे ट्रेलर ओढणाऱ्या पुढच्या गाडीला, ताकद हवी असते १२०० ते १६०० आरपीएमला, चढावर. तिथे मोठा टर्बो सुस्त पडतो. पंप डिझेल देत राहतो, हवा पुरत नाही, आणि मागे काळ्या धुराचा पडदा. म्हणून ट्रेलर ओढणाऱ्या जुन्या गाड्यांना आम्ही बहुतेक वेळा सांगतो, की धुराच्या बाजूचं हाउसिंग कंपनीच्याच मापाचं राहू द्या, हवेच्या बाजूचा फॅन फार तर एक माप वर घ्या. यात आमचं बिल कमी होतं, हेही लक्षात घ्या.

बीएस-६, म्हणजे नव्या प्रदूषण नियमांची गाडी असेल तर हा विषयच सोडा. तिथे कंपनीच्या नंबरचाच टर्बो बसतो, दुसरा आम्ही लावत नाही. आणि टर्बो कुठलाही घ्या, त्याने पासिंगचं वजन वाढत नाही आणि ब्रेकही सुधारत नाहीत. आरसीशी न जुळणारा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये बसत नाही.

आता आमचा खरा वेळ कशात जातो ते सांगतो. गिऱ्हाईक येतं तेव्हा जुना टर्बो आधीच उतरवून भंगारात दिलेला असतो. किंवा डिझेलने चकाचक धुऊन आणलेला, त्यावरची नंबरची पट्टी गायब. मग कोणता द्यायचा ते आम्ही काय पाहून ठरवायचं? जुना टर्बो कशाने गेला ते त्याच्या अंगावरच असतं. हवेच्या फॅनची टोकं झिजून गोल झाली असतील, तर फिल्टरच्या मागून धूळ शिरते आहे. उमरेडकडच्या कोळशाच्या गाड्यांत हे हमखास. शाफ्ट निळा पडला असेल, तर ऑइल पोचलेलं नाही. हवेची बाजू ऑइलने माखलेली असेल, तर ऑइलच्या परतीचा पाइप तुंबलाय का ते पाहा.

एका मालकाने आठ महिन्यांत दोन टर्बो बदलले. तिसऱ्या वेळी आमच्याकडे जुना तसाच पिशवीत घालून आणला. परतीच्या पाइपात काळ्या गाळाचा बोळा निघाला, खडूएवढा. पाइप बदलला, टर्बो आजही तोच आहे.

म्हणून नवीन टर्बो देण्याआधी आम्ही हवेचे होज आणि इंटरकूलर (टर्बोची तापलेली हवा थंड करणारी जाळी) यांत हवा भरून साबणाचं पाणी मारतो, कुठे गळतंय ते कळायला. अर्धा तास लागतो, त्यावर लोक चिडतात. पण कितीतरी गाड्यांचा पिकअप एका सैल क्लॅम्पवर परत आला आणि टर्बोची विक्री आमच्या हातून गेली. तपासणीचे पैसे घेतो. टर्बो इथूनच घेतला तर बिलातून वजा.

गरमीचं वेगळं सांगायला हवं. मे महिन्यातली ४५ अंशांची हवा डिसेंबरच्या पहाटेच्या १० अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ११ टक्के विरळ असते. तोच टर्बो, तेच डिझेल, पण हवेचा घास कमी. धूर तापतो. टर्बोच्या अलीकडे तो सलग ७०० अंशांवर राहिला की पिस्टनची काळजी करा. शुद्ध अ‍ॅल्युमिनियम ६६० ला वितळतं, पिस्टन तगतो तो खालून उडणाऱ्या ऑइलमुळे. ट्रेलरवाल्यांनी धुराचं तापमान दाखवणारा मीटर लावून घ्यावा. आमच्याकडे मिळतो, बाहेरून आणलात तरी बसवून देऊ. इंटरकूलरची जाळी उन्हाळ्याआधी एकदा धुवाच. आणि घाट चढून ढाब्यावर थांबलात की दोन-तीन मिनिटं गाडी आयडलवर राहू द्या. ड्रायव्हरला चहाची घाई असते, ती टर्बोला महागात पडते.

येताना आरसीची झेरॉक्स, जुना टर्बो न धुता, आणि नेहमीचा माल व रूट सांगू शकेल असा ड्रायव्हर, एवढं आणा. शनिवारी संध्याकाळी येऊन "रात्री लोडिंग आहे" म्हणालात, तर चहा मिळेल, टर्बो सोमवारीच बसेल.