गरीब देशांतली आयसीयू सेवा
आयसीयू म्हणजे अतिदक्षता विभाग, आणि खरं काम त्या 'दक्षता' शब्दातच आहे, पेशंटवर रात्रंदिवस कुणाची तरी नजर पाहिजे. सुरुवात झाली १९५२ मध्ये कोपनहेगनच्या पोलिओ साथीत. श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्या पेशंटना मेडिकलच्या पोरांनी पाळ्या लावून हाताने हवेची बॅग दाबत जगवलं, मशीन पुरेशा नव्हत्याच.

गरीब देशांत मात्र आयसीयू म्हटलं की आधी व्हेंटिलेटर विकत घेतात, मग लाइट जाते, ऑक्सिजनचं प्रेशर पुरत नाही, पार्ट मिळत नाही, चालवायला शिकलेली सिस्टर नाही आणि मशीन कोपऱ्यात धूळ खात बसते. साधा हिशोब बघा, जंबो सिलेंडरमध्ये साधारण ७००० लिटर ऑक्सिजन असतो, मिनिटाला १० लिटरने एकाच पेशंटला दिला तर बारा तासही जात नाही. म्हणून आधी ऑक्सिजन, रक्तातला ऑक्सिजन दाखवणारं पल्स ऑक्सिमीटर, घशातला कफ ओढून काढणारं सक्शन मशीन आणि दर तासाला पल्स-बीपी लिहिणारी सिस्टर, व्हेंटिलेटर नंतर, असं माझं ठाम मत आहे.

श्रीमंत देशांची पद्धत जशीच्या तशी उचलणंही महागात पडतं. युगांडा, केनिया, टांझानियात ३१४१ आजारी मुलांवर अभ्यास झाला, २०११ मध्ये छापून आला. तापाने शॉकमध्ये गेलेल्या, म्हणजे रक्ताभिसरण ढासळलेल्या मुलांना भराभर सलाईन दिलं तर ४८ तासांत साधारण साडेदहा टक्के दगावली, भराभर न दिलेल्यांत ७.३ टक्के. उलट ढाक्याच्या डॉक्टरांनी शाम्पूच्या बाटलीत पाणी भरून बबल सीपॅप, म्हणजे नाकातून सतत थोड्या दाबाने हवा देणारं साधन, बनवला, न्यूमोनियाच्या लेकरांना त्याचा खरंच फायदा झाला.

आपल्या सोलापुरात सिव्हिलला अक्कलकोट, मंगळवेढा, धाराशिव, पार कर्नाटकातनं पेशंट येतात. मण्यार चावलेला किंवा फवारणीचं औषध अंगात भिनलेला माणूस बऱ्याचदा तरणाताठा असतो, काही दिवस श्वास सांभाळला तर चालत घरी जातो, असा पेशंट हातचा जाणं फार वाईट. पण अक्कलकोटहून सोलापूर चाळीसेक किलोमीटर, आणि मण्यारीच्या विषाने श्वास वाटेतच बंद पडू शकतो, तेव्हा अँब्युलन्समध्ये अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) नीट दाबता येणारा माणूस पाहिजे, सोलापूर येईपर्यंत हात न थांबवता.