कापड सपाट, माणूस गोल

गळ्यात टेप अडकवलेला टेलर छाती, कंबर, शोल्डर, मुंढा (बाही जोडायची गोलाई), दंडघेर असं सगळं वहीत उतरवून घेतो आणि शेवटी विचारतो, "ताई, मापाचा ब्लाउज आणलाय का?" एवढी मापं घेतली, आता जुना ब्लाउज कशाला, असं वाटून आपण वैतागतो. पण त्याचं मागणं गणिताच्या दृष्टीने अगदी रास्त आहे. टेप फक्त लांबी सांगते. छातीघेर ३६ इंच असलेल्या दोघींपैकी एकीची पाठ रुंद आणि छाती बेताची असेल, दुसरीचं बरोबर उलट असेल. टेपला दोघी सारख्याच. शरीर नेमकं कुठे आणि किती वळतं, हे घेराच्या आकड्यात मावत नाही. नीट बसणाऱ्या जुन्या ब्लाउजच्या टक्समध्ये, म्हणजे कापडाची पाचर दुमडून मारलेल्या शिवणींमध्ये, मात्र ते शिवून ठेवलेलं असतं.

शिवणकामातली निम्मी डोकेदुखी एकाच गोष्टीतून येते: ठाणातून फाडून दिलेलं कापड सपाट असतं आणि ते ज्याच्या अंगावर चढवायचं तो माणूस सपाट नसतो. या दोघांचं का जमत नाही, हे कार्ल फ्रिडरिख गाउस या जर्मन गणितज्ञाने १८२७ साली दाखवून दिलं. एखादा पृष्ठभाग न ताणता, न फाडता नुसता वाकवला, तर त्याची एका विशिष्ट प्रकारे मोजलेली वक्रता बदलत नाही. कागदाची ही वक्रता शून्य. त्याची सुरळी केली तरी ती शून्यच राहते. वाटीची शून्य नसते, म्हणून वाटीवर कागद बसवायला गेलं की कडेला चुण्या पडतात. गाउस त्या काळात हॅनोव्हर राज्याच्या जमीनमोजणीत गुंतलेला होता, कपडे त्याच्या ध्यानीमनीही नसतील. पण त्याचा सिद्धांत प्रत्येक शिवणक्लासात रोज अनुभवाला येतो. हात आणि पाय बरेचसे नळीसारखे, म्हणून बाही आणि पायजमा यांचा सरळ भाग कोणालाही जमतो. घाम फुटतो तो खांदा, छाती आणि नितंब इथे, कारण तिथे शरीर एकाच वेळी दोन दिशांना वळतं.

यावरचा पहिला उपाय म्हणजे कापडातला एक कोन गायब करणं. टक्स म्हणजे तेच. समजा, साध्या ब्लाउजचा खालचा टक्स ४ इंच उंच आहे आणि पायथ्याशी त्यात एकूण सव्वा इंच कापड गेलं आहे. हिशेब केला तर ही सुमारे १८ अंशांची पाचर होते. म्हणजे टक्सच्या टोकाभोवती ३६० ऐवजी ३४२ अंशांचंच कापड उरतं. ते सपाट राहूच शकत नाही, शंकू होऊन वर उचललं जातं.

गंमत अशी, की हा कोन कोणत्या बाजूने काढला याच्याशी शरीराला काही देणंघेणं नसतं. करून बघण्यासारखं आहे. ब्लाउजच्या पुढच्या भागाचं पेपर कटिंग, म्हणजे कागदी नमुना, घ्या. काखेच्या बाजूकडून कात्री चालवत टक्सच्या टोकापर्यंत जा. आता खालचा टक्स मिटवून त्यावर चिकटपट्टी लावा. काखेकडे तेवढाच कोन आपसूक उघडतो. कडेवरची रुंदी वेगळी दिसेल, कारण टोकापासून कडेपर्यंतचं अंतर बदललं. अंश मात्र तेच. खालचा टक्स नको, बाजूचा हवा, किंवा टक्स नकोत आणि गळ्याशी चुण्या हव्यात, या सगळ्या फॅशन त्या एका कोनाच्या बदल्या आहेत. हे एकदा डोक्यात बसलं की नवीन डिझाइनसाठी दर वेळी नवं कटिंग पाठ करावं लागत नाही. शिवणक्लासात हे पहिल्या आठवड्यात का शिकवत नाहीत, मला कळलेलं नाही.

सगळा कोन एकाच टक्सने काढला तर मात्र सगळी वक्रता एका बिंदूत गोळा होते आणि तिथे टोचल्यासारखं टोक उभं राहतं. शरीराला असं टोक नसतं. म्हणून चार टक्सच्या ब्लाउजमध्ये तोच कोन चार दिशांना वाटला जातो, आणि प्रत्येक टक्स मध्यबिंदूच्या पाऊण-एक इंच अलीकडे थांबवला जातो. एका टोकदार शंकूऐवजी चार बोथट उंचवटे जवळजवळ येतात आणि डोळ्याला गोलाई दिसते. टक्स शिवण्यातली कसबही इथेच लागते. पायथ्याकडून टोकाकडे यायचं आणि शेवटचे तीन-चार टाके घडीच्या अगदी कडेला, एखाद्-दुसरा धागा धरून मारायचे, म्हणजे टीप कापडावरून हळूच घसरून संपते. टोकाला मशीन उलटं फिरवून टीप पक्की करायची नाही, त्याने गाठोडं होतं. दोऱ्याची शेपटं लांब ठेवून हाताने गाठ मारायची. मग गुंडाळलेल्या टॉवेलवर ठेवून इस्त्री. सपाट टेबलावर इस्त्री केली तर मेहनतीने आणलेली गोलाई आपणच पुन्हा सपाट करतो.

कटोरी (छातीसाठी वाटीसारखा वेगळा तुकडा) आणि प्रिन्सेस कट (छातीवरून खाली जाणारी वळणदार उभी शिवण) ही याच्या पुढची पायरी. तिथे पाचर बिंदूपाशी संपत नाही, वळणदार शिवणीच्या आख्ख्या लांबीवर पसरते. दोन तुकड्यांच्या कडा मुद्दाम वेगवेगळ्या वळणाच्या कापतात आणि शिवताना एकीला दुसरीवर बसायला भाग पाडतात. मायेत, म्हणजे शिवणीबाहेर सोडलेल्या कापडात, कातरे द्यायचे ते यासाठीच. गळ्याच्या गोलाईत आत राहिलेल्या मायेची कड शिवणीपेक्षा आखूड असते. ती उलटून बाहेरच्या मोठ्या गोलाईवर पसरायची तर तिला फाकायला जागा हवी, म्हणून नुसते सरळ काप. गोल कॉलरचं उलट. तिथे माया आतल्या लहान गोलाईत कोंबली जाते, म्हणून इंग्रजी व्हीच्या आकाराच्या खाचा काढून जास्तीचं कापड फेकून द्यायचं. दोन्हीकडे एकच पद्धत वापरली तर कॉलर आतून गाठीगाठींची होते.

इथपर्यंत कापड आणि कागद सारखेच वागले. पण मोठा चौकडीचा सुती रुमाल पालथ्या वाटीवर घालून सगळीकडून हळूहळू खाली ओढा. कागदापेक्षा तो कितीतरी समजूतदारपणे बसतो. कसा, ते चौकडीच सांगते. वाटीच्या माथ्यावरून उभ्या-आडव्या धाग्यांच्या दिशेने उतरणारे चौकोन बऱ्यापैकी चौकोनच राहतात. त्यांच्या मधल्या चार तिरप्या दिशांना मात्र चौकोनांचे शंकरपाळे झालेले दिसतील. धागे ताणले गेलेले नाहीत. त्यांच्यातला काटकोन तेवढा मोडला आहे. चौकोनाचा शंकरपाळा झाला की बाजू तेवढ्याच राहतात पण क्षेत्रफळ कमी होतं, आणि कागदात ज्या जागी चुणी पडली असती ते जास्तीचं कापड तिथे मुरतं.

रशियन गणितज्ञ पाफनुती चेबिशेव्ह याने २८ ऑगस्ट १८७८ रोजी पॅरिसमध्ये फ्रेंच विज्ञान परिषदेपुढे एक व्याख्यान दिलं. विषय होता कपड्यांचं कटिंग. त्याने कापडाचं वर्णन असंच केलं होतं: धाग्यांची लांबी कायम, बदलतो तो फक्त त्यांच्यातला कोन. या गृहीतावर चेंडूला घट्ट बसणारं आवरण सपाट कापडाच्या दोन तुकड्यांतून कसं कापायचं, ते त्याने काढून दाखवलं. एक किस्सा सांगतात, की व्याख्यानाला पॅरिसचे शिंपीही आले होते आणि "सोयीसाठी मानवी शरीर गोल धरू" हे पहिलंच वाक्य ऐकून उठून गेले. किस्सा खरा असो नसो, शिंप्यांनी थोडं थांबायला हवं होतं. त्या धाग्यांच्या जाळ्यांना गणितात आजही चेबिशेव्हचं नाव आहे.

याच गुणाचा फायदा म्हणजे उरेब, म्हणजे धाग्यांना तिरपं कापलेलं कापड. धाग्यांना ४५ अंशांत ओढलं की चौकोन शंकरपाळे होत जातात आणि कापड एका दिशेला लांबतं, दुसऱ्या दिशेला आक्रसतं. गळ्याला लावायची पट्टी सरळ कापली तर ती गोलाईवर उभी राहते, उरेब कापली तर वळते. फ्रेंच ड्रेसमेकर मादलेन व्हिओने हिने १९२०-३०च्या दशकांत अख्खे पोशाखच उरेब कापले. कल्पना ती आधी छोट्या लाकडी बाहुलीवर कापड टाकून पारखायची.

उरेबचं दुखणंही तेच. ते वजनाने लोंबतं. पूर्ण घेराचा फ्रॉक किंवा स्कर्ट गोल कापला की घेराच्या चार जागा उरेबमध्ये येतात आणि काही तासांत त्या खाली उतरतात. म्हणून खालची पट्टी लगेच दुमडायची नाही. कपडा रात्रभर टांगून ठेवायचा, मग जमिनीपासून माप घेऊन खालची कड सारखी करायची. दुसरं दुखणं मुंढ्याचं. हात वर केला आणि कट् आवाज आला, हे बहुतेकींना माहीत आहे. मुंढ्याच्या गोलाईचा काही भाग उरेबमध्ये असतो. तिथे कापड ताणलं जातं, पण मशीनच्या टिपेतला दोरा जवळजवळ ताणत नाही. जाड दोरा वापरून उपयोग नाही, तो कापडच फाडेल. टाका बारीक करायचा. दर टाक्याला वरचा दोरा कापडात खाली उतरून बॉबिनच्या दोऱ्याला अडकून परत वर येतो. त्यामुळे एका इंचात टाके जितके जास्त, तितका जास्त दोरा त्या इंचात भरला जातो आणि टीप तुटण्याआधी तेवढी जास्त लांबते.

शिवताना आणखी एक गोष्ट सतत घडत असते. मशीनचे दाते खालचं कापड पुढे नेतात, वरचं कापड फूटखाली (सुईजवळच्या दाबपायाखाली) दाबलेलं असतं आणि मागे रेंगाळतं. शिवण संपते तेव्हा वरच्या थराची कड थोडी जास्त उरलेली दिसते. म्हणून जो तुकडा किंचित मोठा आहे, जो दुसऱ्यात जिरवायचा आहे, तो खाली ठेवायचा. दातेच त्याला जिरवून टाकतात.

सुती कापड कापण्याआधी भिजवायचं ही आजीची शिस्त. ओलं झालं की कापसाचा तंतू जाडीत सुमारे २० टक्के फुगतो, लांबीत जेमतेम. जाड झालेल्या धाग्यांना एकमेकांच्या वरखाली जाताना मोठा वळसा घ्यावा लागतो, आणि धाग्याची लांबी तेवढीच असल्याने कापड आखूड होतं. शिवाय मागावर ताणून बसवलेला ताणा, म्हणजे उभे धागे, पाणी लागताच सैलावतो, म्हणून लांबीत आटणं बहुधा जास्त. अस्तराचं कापड विसरू नका. वरचं भिजवलं आणि अस्तर तसंच राहिलं, तर पहिल्या धुण्यात ब्लाउज आतून आवळतो.

हे सगळं जुळवून आणलेलं कटिंग फेकून देणं म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. १८६३ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या स्टर्लिंग गावातल्या एबेनेझर बटरिक या शिंप्याने वेगवेगळ्या मापांचे कागदी पॅटर्न विकायला काढले आणि त्यावर मोठा धंदा उभा राहिला. आपल्याकडे घरोघरी चालतं ते ब्राऊन पेपरवरचं स्वतःचं कटिंग. ते कपाटावर सुरळ्या करून पडतं आणि दोन वर्षांनी ही कटोरी कोणाची हे कोणालाच सांगता येत नाही.

प्रत्येक तुकड्यावर नाव, तारीख, छातीघेर आणि "माया धरून" की "माया सोडून" एवढं तरी हवंच. तारीख यासाठी की अंग बदलतं. मुलांच्या कटिंगवर तर वयही लिहावं. माया मात्र कागदावर न धरलेली बरी, कारण टक्स फिरवायचे किंवा माप वाढवायचं तर खरी शिवणरेषाच लागते. आणि सगळ्यात महत्त्वाची खूण म्हणजे उभ्या धाग्याचा बाण. कागदाला ताणा-बाणा (उभे-आडवे धागे) नसतो, तो कसाही फिरवला तरी तसाच दिसतो. बाण नसेल तर तीच कटोरी एकदा सरळ आणि एकदा उरेब कापली जाते, आणि एकाच कटिंगचे दोन ब्लाउज वेगवेगळे बसतात.

मूळ ड्राफ्ट एकच, जाड कागदावर, टक्स खालच्या बाजूला ठेवून काढलेला. त्याला कधी कात्री लावायची नाही. प्रत्येक डिझाइन त्यावरून नव्या कागदावर उतरवायचं. मोठे तुकडे भोक पाडून हुकला टांगावेत, घडी घातल्यास घडीच्या रेषेशी माप फसवतं. लहान तुकडे एका मोठ्या पाकिटात, पाकिटावर कपड्याचं चित्र आणि उरलेल्या कापडाचा एक चौकोन टाचून. चित्रापेक्षा तो चौकोन लवकर आठवण देतो.

कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्यांनी पावसाळाही लक्षात घ्यावा. कागदही कापसासारखा सेल्युलोजचाच. दमट हवेत त्याचे तंतू जाडीत फुगतात आणि मोठा तुकडा एका दिशेने काही मिलिमीटर वाढतो. म्हणून एका ब्लाउजचे सगळे भाग एकाच प्रकारच्या कागदावर, एकाच दिशेने मांडून कापावेत, म्हणजे वाढले तरी एकत्र वाढतील. कसर नावाच्या किड्याला दमट कोपरे आवडतात आणि कागद, खळ, डिंक हे त्याचं जेवण. खळीने चिकटवलेले जोड तो आधी खातो, तेव्हा जोड चिकटपट्टीचे करावेत आणि सुरळ्या भिंतीला टेकवून ठेवू नयेत.

हल्ली कटिंगचा फोनने फोटो काढून ठेवतात. आठवणीला ठीक, पण त्यावरून पुन्हा कापायचं असेल तर फोन जरा तिरका धरला तरी जवळची बाजू मोठी आणि लांबची लहान येते. कटिंगच्या चारही कोपऱ्यांजवळ ४ इंचांचा एकेक चौकोन आखून मग वरून सरळ फोटो घ्यावा. छापल्यावर चारही चौकोन मोजायचे. चारही सारखेच लहान-मोठे आले तर प्रिंटरचं प्रमाण बदलून भागतं, एकमेकांपेक्षा वेगळे आले तर फोटो पुन्हा काढायचा.