नवरा-बायको शिकत असताना पोटगी: अर्ज अडतो तो इथे

‘मी शिकतेय, नवऱ्याने खर्च द्यावा’ एवढ्यावर अर्ज टिकत नाही. गोव्यात लग्नाचा कायदा पोर्तुगीज काळातला असला तरी पोटगीला देशभराचंच कलम लागतं: भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम 144 (1 जुलै 2024 पूर्वीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं 125). तुमचा खर्च तुम्हाला भागवता येत नाही आणि नवरा ऐपत असून देत नाही, हे दोन्ही दाखवायचं. शिकणाऱ्या नवऱ्याला या कलमाखाली बायकोकडे मागता येत नाही. ‘मीही शिकतोय’ म्हणून तो सहज सुटतो असंही नाही. धडधाकट नवऱ्याने कमवून द्यावं, असं सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये बजावलंय.

घात करतं ते एक वाक्य: ‘दोघांनी ठरवून मी हॉस्टेलवर राहते.’ परस्परसंमतीने वेगळं राहणाऱ्या बायकोला पोटगी नाही, असं याच कलमात आहे. समोरचा वकील नेमकं तिथेच बोट ठेवतो. कॉलेज लांब म्हणून हॉस्टेल, सुट्टीत सासरी जाणं होतं, अमुक महिन्यापासून पैसे बंद झाले, असं जे घडलं ते तारखेनिशी लिहा. फीच्या पावत्या आणि ‘तुझं तू बघ’ हा मेसेज जपा. रागाच्या भरात तोच डिलीट करून येतात मुली!

दुसरी अडचण खास आपल्या गोव्यातली. इथे लग्नाच्या नोंदणीला दोन सह्या लागतात. रजिस्ट्रारकडे पहिली सही होते, मांडव पडतो, दुसरी सही राहते. मग लग्नाचा दाखलाच मिळत नाही. अशा वेळी 2005 च्या घरगुती हिंसाचार कायद्याचा अर्जही करा. तिथे लग्नासारखं नातं चालतं, आणि खर्च अडवणं हीसुद्धा हिंसाच धरतात. पत्रिका, फोटो, एका पत्त्यावरचे कागद जोडा.

उत्पन्न-खर्चाचं प्रतिज्ञापत्र दोघांनाही द्यावं लागतं. शिकवणीचे दोन हजार येत असतील तर ‘शून्य’ लिहू नका. बँकेचा उतारा समोर आला की बाकी खरं असलेलंही खोटं वाटतं.

वकिलाची फी बाईला पडत नाही, उत्पन्न कितीही असो. तालुक्याच्या विधी सेवा समितीत विचारा.

अंतरिम (निकाल लागेपर्यंतच्या) पोटगीचा अर्ज निकाली काढायचे 60 दिवस नवऱ्याला नोटीस बजावल्यापासून मोजतात, अर्ज केल्यापासून नाही, आणि तेही ‘शक्यतो’. नवऱ्याचा पत्ता चुकीचा दिलात तर मोजणी सुरूच होत नाही. आदेशानंतर थकलेल्या हप्त्याची वसुली तो देय झाल्यापासून वर्षाच्या आत मागायची. परीक्षा होऊ दे, मग बघू म्हणत बसलात की जुने हप्ते हातचे गेले.