संकरित गांजा : पाटीवरचं नाव आणि फुलातलं रसायन

जात टिकवायची तर काडीच, म्हणजे झाडाची छाटून लावलेली फांदीच, लागते, हे निफाड-दिंडोरीच्या द्राक्ष बागाईतदाराला सांगावं लागत नाही. डॉगरिज जातीच्या खुंटावर थॉमसन या द्राक्षजातीचं कलम भरलं की मणी थॉमसनचेच. बी पेरलेली वेल मात्र दरवेळी निराळी निघते. गांजाचंही तसंच आहे. परदेशातल्या परवानाधारक दुकानांत ‘ओजी कुश’, ‘स्कंक नंबर १’ अशा नावांनी विकल्या जाणाऱ्या संकरित वाणांबद्दलचा निम्मा गोंधळ इथूनच सुरू होतो. पाटीवर नाव एकच असतं. पण काही झाडं काडीपासून वाढवलेली, काही बियांपासून. त्यात मूळ आई-बाप आधीच मिश्र असले, तर एकाच पाकिटातल्या बिया भावंडांइतक्याच वेगळ्या निघतात.

कॅबर्ने सोव्हिनियाँ ही वाइनची द्राक्षजात कॅबर्ने फ्राँ आणि सोव्हिनियाँ ब्लाँ यांची संतती आहे, हे १९९७ मध्ये डीएनएवरून सिद्ध झालं. गांजाच्या बहुतेक वाणांची वंशावळ मात्र चोरून लागवड करणाऱ्यांच्या आठवणींवर उभी आहे, त्यामुळे ती जपूनच वाचावी.

‘सॅटिव्हा तरतरी आणते, इंडिका सुस्ती आणते, संकरित मधलं’ ही गांजाच्या प्रकारांबद्दलची समजूतही तशीच. लिनियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने १७५३ मध्ये ‘सॅटिव्हा’ आणि लामार्क या दुसऱ्या शास्त्रज्ञाने १७८५ मध्ये भारतातल्या नमुन्यांवरून ‘इंडिका’ हे नाव दिलं, ते झाडाचं रूप पाहून. २०२१ मध्ये नेदरलँड्समधले नमुने तपासले, तेव्हा ही लेबलं एकूण जनुकीय नात्याशी जुळली नाहीत. जुळली ती मोजक्या टर्पिनांशी, म्हणजे वास देणाऱ्या संयुगांशी. थोडक्यात, लेबल बरंचसं नाकाने लावलं जात होतं.

नशेचं रसायन ठरवणारी जनुकं त्या मानाने शिस्तीत वागतात. फुलावरच्या राळेच्या सूक्ष्म ग्रंथींमध्ये आधी सीबीजीए हे आम्ल तयार होतं. एक विकर (एन्झाइम) त्याचं टीएचसीए करतं, दुसरं सीबीडीए; यांपासूनच पुढे नशा आणणारं टीएचसी आणि तशी नशा न आणणारं सीबीडी होतं. शुद्ध टीएचसी वाण आणि शुद्ध सीबीडी वाण यांचा संकर केला, तर पहिल्या पिढीतल्या सगळ्या झाडांत दोन्ही रसायनं येतात. त्या झाडांचा आपसात संकर केला, की पुढच्या पिढीत १:२:१ असं मेंडेलचं प्रमाण दिसतं : एक भाग टीएचसीचा, दोन मिश्र, एक सीबीडीचा.

टीएचसीए स्वतः नशा आणत नाही; उष्णतेने कार्बन डायऑक्साइड निघून गेला की त्याचं टीएचसी होतं. या प्रक्रियेत रेणूचं वजन घटतं, म्हणून प्रयोगशाळेच्या अहवालात टीएचसीएला ०.८७७ ने गुणून त्यात टीएचसी मिळवतात. २० टक्के टीएचसीए आणि १ टक्का टीएचसी असेल, तर एकूण सुमारे १८.५ टक्के, सरळ बेरीज करून २१ लिहिणं चूक. दुसरी गफलत नमुना घेताना होते. शेंड्याच्या फुलांत राळ जास्त असते, खालच्या फांद्यांवर कमी. नुसता शेंडा तपासला तर आकडा फुगतो.

वासाचं प्रकरण जास्त रंजक आहे. संत्र्याच्या सालीतलं लिमोनीन, काळ्या मिरीतलं कॅरिओफिलीन, मस्कत द्राक्षाला सुगंध देणारं लिनालूल, आंब्यातही सापडणारं मिरसीन, ही सगळी टर्पिनं गांजाच्या फुलात असतात. पण स्कंकचा तो नाकात बसणारा उग्र दर्प त्यांचा नव्हे, असं २०२१ मध्ये दाखवलं गेलं. तो प्रेनिल थायॉल या गंधकयुक्त संयुगाचा. उन्हात ठेवलेल्या बिअरला येणारा घाण वासही त्याचाच. सोव्हिनियाँ ब्लाँ वाइनचा फळासारखा गंधही थायॉलांचाच, फक्त ते थायॉल वेगळे. अत्यल्प प्रमाणातही नाकाला ते जाणवतात.

फूल गरम हवेत घाईने वाळवलं तर दहा कार्बनची हलकी टर्पिनं आधी उडतात आणि पंधरा कार्बनचं, मिरीच्या वासाचं कॅरिओफिलीन मागे उरतं. त्यामुळे जुन्या मालाच्या वासावरून वाण ओळखायला जाऊ नये. काडीने वाढवलेल्या झाडांत आणखी एक दुखणं आहे : हॉप लेटंट व्हायरॉइड, म्हणजे विषाणूहूनही साधा असा रोगकारक आरएनएचा तुकडा. मातृझाडाला त्याची लागण असली तर ती काड्यांतही उतरते, झाड खुरटू शकतं आणि राळ घटते.

भारतात हे सारं वाचण्यापुरतंच. १९८५ च्या एनडीपीएस या अंमली पदार्थविरोधी कायद्यात फुलोरा म्हणजे गांजा. परवान्याशिवाय एक झाड लावलं तरी तो गुन्हाच, आणि लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. फुलोऱ्याशिवायची पानं आणि बिया त्या व्याख्येत नाहीत, म्हणून भांग राज्याच्या नियमांखाली येते.

परिणामांबद्दल बोलायचं तर टीएचसी मेंदूतल्या सीबी-१ ग्राहींना (रिसेप्टरना) चिकटतं : नाडी वाढते, ताजी आठवण डळमळते, काहींना धास्ती वाटते. धुरातून हे मिनिटांत होतं. पोटातून गेलं तर अर्ध्या ते दोन तासांनी, शिवाय यकृतात त्याचं ११-हायड्रॉक्सी टीएचसी होतं आणि तेही नशा आणतं. ‘अजून काहीच होत नाही’ म्हणून दुसरा पेला घेणारे इथेच फसतात. टर्पिनांमुळे नशेची जात बदलते हा विक्रेत्यांचा लाडका दावा, पण पुरावा तोकडा आहे. २०२४ च्या एका प्रयोगात लिमोनीनने टीएचसीची धास्ती कमी झाली खरी; त्यात माणसं होती २०, आणि ठळक फरक दिसला तो शुद्ध लिमोनीनच्या जास्त मात्रेला. किशोरवयीनांना आणि घरात स्किझोफ्रेनियाचा इतिहास असलेल्यांना मात्र जास्त टीएचसीचा धोका ठळक आहे, वाण कुठलाही असो.